कोठी

भांडेओळीतून कोठी आणली ती माझ्या पैशांची,
दीड क्विंटल शरबती मावेल एवढी,
आणि नवतपाच्या पहिल्याच दिवशी
हेडाऊंनी तिच्यात रेडिओ ठेवला.

काऊन? तं म्हणाले,
वर आकाशात एक ठिणगी पडेल,
आवाज नाही, धूर नाही.
तारा पितील तिला.
जेवढी लांब तार तेवढी मोठी तहान.
मग फ्रिज, मीटर, फोन, सुबोध परात्याची नवी गाडी,
साऱ्यांच्या पोटातलं बारीक बारीक जळून जाईल.
सीटवरचं प्लास्टिकही निघालेलं नसेल अजून
आणि बटण दाबलं तं नुसती शांतता.

चौतीस वर्षं कोराडीत रिले सांभाळले या माणसानं.
एका रात्री एक रिले उशिरा पडला.
किती उशिरा? पापणी लवायच्या आत दहादा मोजावं
एवढाच.
अजून झोपेत हात टाकून काहीतरी खाली ओढतात.
म्हणून मी ठिणगीवरून भांडत नाही,
गव्हावरून भांडते.

तीन दुपारी ते कोठीजवळ बसून राहिले.
झाकणाच्या कडेचा रंग खरवडला,
पत्र्याला पत्रा भिडला पाहिजे, म्हणे,
रंग म्हणजे फटच, डोळ्याला न दिसणारी.
आतून खोक्यांचा पुठ्ठा, तळालाही.
त्यात रेडिओ, सेल वेगळे काढून,
टॉर्च, मल्टिमीटर,
मृणालीच्या शाळेतल्या नाचाची पेनड्राइव्ह,
आणि माझं बीपीचं मशीन, मला न विचारता.

स्कूटरला मात्र काही नाही.
त्र्याऐंशीची, पॉइंटवाली.
हिला डोकंच नाही, जळणार काय?
तरी एक कॉइल, एक कंडेन्सर
पेपरात गुंडाळून आत गेलेच.
सुबोध कंपाउंडवर रेलून हसला.
मग हळूच, काका, माझ्या गाडीचं काय?
हेडाऊ गाडीभोवती एकदा फिरले,
रिपोर्ट आधीच वाचलेल्या डॉक्टरासारखे.
पत्र्याचं गॅरेज बांध, दारासकट.
चार्जिंगची तार भिंतीत ठेवू नको.
बाकी मग बघू.

चाचणीला माझा फोन.
झाकण, वरून चंदेरी टेप,
आणि ते आपल्या फोनवरून लावू लागले.
वाजला.
विहिरीतून कोणी हाक मारावी तसा.
पुन्हा टेप. कोपऱ्यात नखानं घासून.
या वेळी ती बाई बोलली,
संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे, बाहेर आहे,
आणि हेडाऊ असे हसले
जसे पोरीच्या बारशाला हसले होते.
त्याच आनंदात आपलाही फोन आत टाकला,
टेप लावली,
कुलरसमोर आडवे झाले. मीही.

सातला सुबोध भिंत उडी मारून आला.
कानाला फोन, तोंड पांढरं.
जमशेदपूरहून मृणाली.
चार तास दोघांचेही फोन लागत नाहीत,
बातम्यांत नागपूर सत्तेचाळीस,
तिला काय काय दिसलं असेल.
रडत होती. मग ओरडली. मग पुन्हा रडली.
हेडाऊ ऐकून राहिले.
हं म्हणाले. हं. नाही बेटा. हं.
फोन परत देताना सुबोधचा हातच धरून ठेवला
थोडा वेळ.

दुसऱ्या दिवशी गहू आला.
रेडिओबिडिओ सगळं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात गेलं,
पुठ्ठ्यात, टेप लावून,
आणि डबा कोठीच्या तळाशी, गव्हाखाली.
दोन्ही फोन झाकणावर, बाहेर.
ठिणगी पडली तं हे आधी जातील, मी म्हटलं.
जाऊ दे, म्हणाले,
आणि स्कूटरला किक मारायला गेले,
रोज एकदा मारतात.

दळणाचे गहू काढताना
मी हात जरा जास्तच खोल घालते,
गार पत्रा बोटाला लागेपर्यंत.